अनसाक्कांचं सातवं प्रकरण

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. इतकी माणसं ऐकलीत, एकेक नमुने भेटले असतील."

भेटले की. फलटणकडचे एक निवृत्त फिटर भेटले. साखर कारखान्यात उभा जन्म गेलेला. चार दिवस ते मला फक्त बेअरिंग आणि रोलरबद्दल सांगत होते. पाचव्या दिवशी मी काकुळतीला येऊन विचारलं, "लग्न कधी झालं तुमचं?" ते म्हणाले, "ज्या सीझनला दोन नंबरची मिल बसली ना, त्या सीझनला." आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "मिल बसली तेवढं लिहून घ्या, मी आले ते राहू द्या." पाचगणीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी माझं हस्तलिखित लाल पेनानं तपासून परत केलं होतं. वर शंभरापैकी बावन्न गुण. खाली शेरा: अक्षर सुधारावे.

पण लिहायला बसले की या गमती मागे पडतात आणि पाटणच्या वरच्या अंगाचं एक घर डोळ्यांपुढे येतं. आज तेच लिहिते. घरातल्या माणसांना विचारलं आहे. नावं मात्र बदलली आहेत आणि गावाचं नाव लिहीत नाही.

माझं काम शब्दांकनाचं. म्हणजे आयुष्य दुसऱ्याचं, आठवणी दुसऱ्याच्या, पुस्तकावर नाव नि फोटोही दुसऱ्याचा. लिहिते मी. आतल्या पानावर बारीक टायपात माझं नाव येतं, तेही कधीकधी विसरतात. आधी सांगलीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माणसांवर लिहायचे. पुरवणीची पानं आटली तेव्हा हे सुरू केलं. समोर बसायचं, रेकॉर्डर मध्ये ठेवायचा, ऐकायचं. घरी येऊन शब्दन् शब्द उतरवून काढायचा. मग त्यातून पुस्तक. छपाईला देण्याआधी सगळं हस्तलिखित त्या माणसापुढं बसून मोठ्यानं वाचायचं, हा माझा नियम. कागदावर जे खपून जातं ते मोठ्यानं वाचताना खपत नाही.

दुसरा नियम, सांगितलं नाही ते लिहायचं नाही. हा मी चूक करून शिकले. विट्याकडच्या एका शिक्षकांची आई ते नऊ वर्षांचे असताना गेली. दवाखान्यात न्यायच्या दिवशी ती दारात उभी होती, एवढंच त्यांना आठवत होतं. मला ते प्रकरण फार कोरडं वाटलं. ओघात आलं म्हणून मी आईच्या तोंडी एक वाक्य घातलं, "नीट शीक, बाळा." वाचनाच्या वेळी ते ऐकून सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "अगदी असंच." प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी ते वाक्य व्यासपीठावरून सांगितलं, सभागृह रडलं, मीही रडले. वर्षभरानं त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "आईच्या घशाचं दुखणं होतं हो. शेवटचे सहा महिने तिला बोलताच येत नव्हतं. हा आता म्हणतो, मला तिचा आवाज आठवतो. मी याला काय सांगू?"

तेव्हापासून हात आखडता झाला.

असो. सुजाता नावाची एक बाई पुण्याहून मला भेटायला आली. चांगल्या नोकरीत. आईला पंच्याहत्तरी लागतेय, तिच्या आठवणींचं छोटं पुस्तक करून तिला भेट द्यायचं, असा तिचा बेत होता. आई अनसाक्का, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोघंच गावी राहतात. "आई शांत आहे," सुजाता म्हणाली. "तिच्याकडे सांगण्यासारखं फार काही नसेल. पण रेसिपी वगैरे, सणवार, असं घ्या."

मी पाटणला एका लॉजवर उतरले. रोज सकाळी वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपनं फाट्यापर्यंत जायचं. तिथून गाव पंधरा मिनिटांच्या चालीवर. पहिल्याच दिवशी फाट्यावर सुभेदार उभे होते. ऐंशीच्या पुढचे, पण पाठ ताठ, दाढी घोटलेली, पायात पॉलिश केलेले बूट. "आवं, ऊन लय हाय, छत्री घ्या," म्हणून त्यांनी स्वतःची छत्री मला दिली. दुपारी परत सोडायलाही आले. वाटेत हसत विचारलं, "मग? आजचा रिपोर्ट काय?"

मी म्हटलं, "आज फणसाच्या सांदणांवर गाडी होती."

"बराबर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की ते विचारतात तेव्हा त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. आम्ही दोघी माजघरात बसायचो, ते बाहेर सोप्यात रेडिओ ऐकत. आक्का लहानपणाबद्दल, शाळेबद्दल मोकळं बोलायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, गावात आलेल्या सुनांत तेवढं कुणीच नव्हतं. पण मधेच रेडिओचा आवाज बारीक झाला की आक्का वाक्य अर्धं सोडून म्हणायच्या, "तर मग तांदूळ धुवून घ्यायचं आनि..." पहिल्यांदा मला वाटलं, वयानं विसरतात. तिसऱ्या दिवशी रेडिओ तीनदा बारीक झाला आणि तीनदा तांदूळ आले.

त्यांच्या उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं वाकत नव्हती. भाकरी डाव्या हातानं थापायच्या. सुजातानं मला आधीच सांगितलं होतं, आई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. मी विचारलं तेव्हा आक्काही म्हणाल्या, "पायऱ्यांवर पडले." मी विचारलं, "उतरताना की चढताना?" हा माझा नेहमीचा प्रश्न, त्यात काही खोच नव्हती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ते कुनी इचारलं नव्हतं अजून."

चौथ्या दिवशी सुभेदार पेन्शनच्या कामाला पाटणला गेले. मला म्हणाले, "आज तुमी नसता आला तरी चाललं असतं." मी तशीच गेले. आक्का मला घरामागं परड्यात घेऊन गेल्या. गोठ्याच्या सावलीत पोतं टाकलं, आणि म्हणाल्या, "ते तुमचं यंत्र लावा."

त्यांनी सांगितलं ते असं. गावातले निम्मे गडी फौजेत. बायका घरी, लिहिता येत नाही. नवऱ्याला पत्र पाठवायचं तर आक्कांकडे यायचं. त्या दुपारी ओसरीवर निळी आंतरदेशीय पत्रं घेऊन बसायच्या. "ज्यी जशी बोलंल तसं लिवायची मी. आपल्या मनाचं एक अक्षर घालायची न्हाई. एखादी नुसतीच रडायची. मग मी लिवायची, ही रडतीया, तुमी समजून घ्या."

शेजारी शेवंता राहायची. तिचा नवरा सुभेदारांच्याच पलटणीत, दोघं जिवाभावाचे मित्र. शेवंताचा थोरला दीर तिच्या अंगचटीला येत होता. सासूला सांगितलं तर सासूनं तिचंच तोंड दाबलं. एक दिवस ती आक्कांपुढं येऊन बसली आणि म्हणाली, लिव.

"मी पेन खाली ठिवलं," आक्का म्हणाल्या. "मी तिला इचारलं, बाय, हे लिवू का खरंच? ती म्हनली, लिव. मग लिवलं. सगळं लिवलं."

पत्र पोचलं. शेवंताचा नवरा रजा टाकून आला. भावाला चावडीपुढं मारलं आणि बायकोला घेऊन गेला, तो पुन्हा गावात राहायला आला नाही. पण भावकी उरली होती. घर फोडणारं पत्र कुणाच्या अक्षरात होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या रजेत आक्कांचे मालक घरी आले तेव्हा भावकीनं त्यांना देवळात बसवून ऐकवलं.

"घरी आले. मी चुलीपाशी हुते. काय बोलले न्हाईत. दाराचा अडसर घेतला नि हातावर मारला. ह्याच हातावर. मग म्हनले, आता लिव." आक्कांनी बोटं पदरात घेतली. "सुजी पोटात बी नव्हती तवा. त्या दिसापासनं मी पेन धरलं न्हाई. सही सुदिक डाव्या हातानं करती."

मी विचारलं, "हे पुस्तकात घ्यायचं?"

"मग तुमाला कशाला सांगितलं?"

त्या दिवशी फाट्यावर जायला मी एकटीच निघाले. निम्म्या वाटेवर सुभेदार समोरून येताना दिसले. पेन्शनचं काम लवकर उरकलं होतं. ते वळले आणि माझ्याबरोबर चालू लागले. रिपोर्ट विचारला नाही. बरंच चालल्यावर हात पुढे करून म्हणाले, "ते मशीन बगू जरा. आमच्या मंडळींचा आवाज कसा येतोय ते ऐकतो."

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली भाताची खाचरं. मी पर्स घट्ट धरली. "आज मशीन चाललंच नाही," मी म्हटलं. सरळ खोटं बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यांनी हात मागे घेतला. अजिबात रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बाई, तुमी लिवनारी मानसं. तुमी आज हाय, उद्या सांगलीला जानार. ती हितंच ऱ्हानार हाय."

जीप आली. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.

सांगलीला आल्यावर मी ते रेकॉर्डिंग उतरवून काढलं, कारण ते कामच होतं. पण पुढं लिहवेना. ते वाक्य डोक्यातून जाईना. ती धमकी होती, की नुसतं खरं होतं? दोन्ही असू शकतं याची मला जास्त भीती वाटत होती. फोन वाजला की वाटायचं, सुजाता असेल, आई पडली म्हणून सांगेल, आणि पायऱ्यांवरच पडली म्हणून सांगेल.

मग मी विहिरीच्या पायऱ्या लिहिल्या. शेवाळ, पाण्याची कळशी, घसरलेला पाय, सगळं. खोटं लिहिणं किती सोपं जातं ते त्या दिवशी पुन्हा कळलं. एका बैठकीत प्रकरण झालं. वाचून पाहिलं तर पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच. मला स्वतःचीच किळस आली. तरी ते मी फाडलं नाही. दोन्ही प्रकरणं, पायऱ्यांचं आणि पत्राचं, शेजारी शेजारी ठेवून मी तीन आठवडे बसले.

एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. आक्का होत्या, अंगणवाडीच्या बाईंच्या मोबाइलवरून.

"लिवलं का?"

"आक्का, ते प्रकरण बाजूला ठेवू या. तुमच्या पश्चात छापता येईल."

"माझ्या पश्चात कुनाला वाचून दावनार?"

"सुभेदारांनी ऐकलं तर? तुम्हाला काही केलं तर? मी इथं सांगलीत आहे."

पलीकडे पोरांचा कालवा चालला होता. आक्का म्हणाल्या, "मला भ्या न्हाई असं न्हाई. लय भ्या हाय. पर शेवंती माझ्यापुढं बसली तवा मी जर म्हनली असती, बाय, तुझ्या पश्चात लिवू, तर? मी तुमाला लिवा म्हनतीया. तुमी लिवा."

मी एकच अट घातली, वाचनाच्या दिवशी सुजाता घरात हवी. आणि नंतरही काही दिवस ती तिथं राहायला हवी. सुजाताला कारण सांगितलं नाही, सांगणं माझ्या हातात नव्हतं. ती आनंदानं आली, आईसाठी साडी घेऊन.

वाचन सोप्यात झालं. सुभेदार खुर्चीवर, आक्का खांबाला टेकून खाली, सुजाता तिच्याशेजारी. मी दाराकडे तोंड करून बसले. दारामागं भिंतीला टेकवून तो लाकडी अडसर उभा होता, काळा पडलेला, हाताळून गुळगुळीत झालेला. माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडे जायची.

पहिली सहा प्रकरणं छान झाली. सुजाता हसली, शाळेतल्या गोष्टीला सुभेदारही मिशीत हसले. सातव्या प्रकरणाला मी पाणी प्याले. शेवंताचं नाव आलं तसे सुभेदारांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले. मी वाचत राहिले. पत्र पोचलं. चावडी झाली. देवळातली बैठक झाली. माझा आवाज इतका बारीक झाला होता, की सुजाता म्हणाली, "थोडं मोठ्यानं वाचा ना."

मी थांबले. आक्कांकडे पाहिलं.

"थांबू नगासा," आक्का म्हणाल्या.

मी वाचलं. चूल, अडसर, हात, "आता लिव". एवढं वाचलं आणि वही तशीच उघडी ठेवली. सुजाता आईच्या हाताकडे बघत होती. जन्मापासून पाहिलेला हात. मग तिनं वडिलांकडे बघितलं. मी मनात दारापर्यंतची पावलं मोजत होते, माझी आणि त्यांची.

सुभेदार उठले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत, हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "अडसर नव्हता."

"काय?" सुजाता म्हणाली.

"अडसरानं मारलं न्हाई. हात धरून चौकटीवर ठेवला नि दार लावलं. दोनदा."

मी आक्कांकडे वळले. त्यांनी मला खोटं सांगितलं होतं, आणि मी ते खरं म्हणून लिहिलं होतं.

आक्का मुलीच्या पाठीवरून डावा हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "पोरगी ऐकनार हुती. म्हनलं, तिला अडसर तेवढा झेपंल." मग माझ्याकडे बघून, "तसंच हाय ते सांगतात तसं. दुरुस्त करा."

सुजाता उठून परड्यात गेली. बऱ्याच वेळानं तिच्या रडण्याचा आवाज आला. आक्का तिच्यामागं गेल्या. मी तिथंच पेन काढलं आणि सुभेदारांसमोर 'अडसर' खोडून 'दार' लिहिलं. पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

त्या दिवशी ते मला सोडायला येऊ नयेत, असं फार वाटत होतं. ते आले. छत्री घेऊन. वाटभर मी त्यांच्या एक पाऊल मागे राहत होते, मुद्दाम. फाट्यावर उभं राहिल्यावर ते म्हणाले, "शेवंतीचा मालक माझा दोस्त हुता. एका खंदकात ऱ्हायलो आमी. त्यानं कदी इचारलं न्हाई, अनसीच्या हाताला काय झालं. भावकीनं न्हाई इचारलं. डाक्टरनं बी न्हाई. मी सांगितलं, पडली. सगळे म्हनले, पडली."

पश्चात्ताप होता का त्यात? मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं माणसांचे आवाज ऐकून मला वाटायचं, मला आवाज कळतो. तो आवाज मला कळला नाही. मी "येते" एवढंच म्हटलं.

सुजाता आठ दिवस राहिली. आईला पुण्याला चल म्हणाली. आक्का गेल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या घरात भ्यायली मी. आता ह्याच घरात बिनभ्याची ऱ्हाऊन बगती." पंच्याहत्तरीचा कार्यक्रम झाला नाही. पुस्तक वर्षानं निघालं, अगदी थोड्या प्रती, सातव्या प्रकरणासकट. आत शब्दांकन म्हणून माझं नाव आहे. एक प्रत सुजातानं पत्ता शोधून शेवंताबाईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं की नाही, मी विचारलेलं नाही.

लोक मला म्हणतात, खरं लिहिलंत, छान केलंत. मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तक छापून मी सांगलीत माझ्या घरी बसले आहे, कडी लावून. ते घर तिकडे आहे, त्याचं दार तिकडे आहे, आणि दोघंही त्याच दारातून रोज आतबाहेर करतात. चार माणसांत बोललं गेलं म्हणून माणूस बदलतो की नुसता गप्प होतो, हे मला माहीत नाही.

म्हणून दर रविवारी सकाळी मी आक्कांना फोन करते. आता त्यांचा स्वतःचा मोबाइल आहे, सुजातानं दिलेला. त्या उचलेपर्यंत मी उभीच असते. गेल्या रविवारी फोन सुभेदारांनी उचलला.

"आक्का कुठं आहेत?" मी विचारलं.

"हाय की. परड्यात हाय. बलवतो."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बुटांचा, दूर जाणारा. मग काहीच नाही. एक कोंबडी ओरडली. मी उभी होते ती खाली बसले. हाक ऐकू आली नाही. बराच वेळ गेला. फोन ठेवून सुजाताला लावावा का, असं मनात आलं, पण कानापासून काढण्याचं धैर्य होईना.

मग अनवाणी पावलं आली, सावकाश, एक एक.

"बोला," आक्का म्हणाल्या. "हाय मी."